कासदाहाचे स्वयंचलित निरीक्षण

कासदाहाचे स्वयंचलित निरीक्षण म्हणजे दुभत्या गाईच्या कासेत झालेला जंतुसंसर्ग धार काढतानाच दुधाच्या मोजमापांवरून ओळखण्याची पद्धत. दूध काढणी यंत्राच्या नळीत किंवा तिच्या शेजारी बसवलेले संवेदक दुधाची विद्युतवाहकता, त्यातील कायिक पेशींची संख्या, काही विकरांचे प्रमाण, रंग, तापमान आणि प्रत्येक सडातून आलेले दूध यांची नोंद घेतात. संगणक ही नोंद त्याच गाईच्या आधीच्या नोंदींशी ताडून पाहतो आणि फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की इशारा देतो. रोबोकरवी धार काढली जाणाऱ्या गोठ्यांत ही पद्धत विशेष रुजली, कारण तेथे धार काढताना कासेजवळ माणूस नसतो. अशा इशाऱ्यावरून संसर्गाची शक्यता कळते. निदानासाठी गाय प्रत्यक्ष तपासावी लागते आणि अनेकदा दुधाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.

आजार आणि दुधातील बदल

कासदाहाला मराठीत स्तनदाह असेही म्हणतात. ग्रामीण महाराष्ट्रात तो ‘दगडी’ या नावाने ओळखला जातो. गाईच्या कासेत चार कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याला स्वतःचे सड असते. एका कप्प्यातील दूध दुसऱ्यात जात नाही. त्यामुळे बहुधा एकच कप्पा आजारी पडतो व उरलेले तीन निरोगी राहतात. स्वयंचलित निरीक्षणाच्या बहुतेक युक्त्या याच शरीररचनेवर आधारलेल्या आहेत.

जंतू सडाच्या छिद्रातून आत शिरतात. *स्टॅफिलोकॉकस ऑरियस* व *स्ट्रेप्टोकॉकस ॲगॅलॅक्टिए* हे जंतू प्रामुख्याने धार काढताना एका गाईकडून दुसरीकडे पसरतात, तर *एश्चेरिकिया कोलाय*, *क्लेब्सिएला* व *स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस* हे मुख्यतः शेण, ओली जमीन व अंथरलेला भुसा यांतून येतात. आजाराचे दोन प्रकार मानतात. प्रकट कासदाहात दुधात गुठळ्या दिसतात, दूध पाणचट किंवा रक्तमिश्रित होते, कास सुजते, तापते व दुखते. सुप्त कासदाहात दूध आणि कास दोन्ही डोळ्यांना नेहमीसारखीच दिसतात. मात्र दूध कमी होत जाते आणि त्यातील कायिक पेशी वाढतात. गाय महिनोन्महिने या अवस्थेत राहू शकते आणि त्या काळात इतर गाईंना संसर्ग देऊ शकते. सुप्त प्रकार हुडकण्यासाठी मोजमापाखेरीज गत्यंतर नाही.

संसर्गानंतर दुधात होणारे बदल दोन वाटांनी घडतात. दूध स्रवणाऱ्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. दाहामुळे हे जोड सैल होतात. रक्तातील सोडियम व क्लोराइड दुधात झिरपतात, तर दुधातील पोटॅशियम व दुग्धशर्करा उलट दिशेने बाहेर जातात. त्यामुळे दूध किंचित खारट होते आणि त्यातून वीज अधिक सहज वाहते. दुसरीकडे, जंतूंशी लढण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी, मुख्यतः न्यूट्रोफिल, मोठ्या संख्येने कासेत उतरतात. दुधातील या पेशी आणि कासेच्या अस्तराच्या झडलेल्या पेशी यांना मिळून कायिक पेशी म्हणतात.

पूर्वपीठिका

धार काढण्यापूर्वी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोनतीन धारा काळ्या पृष्ठभागाच्या भांड्यात घेऊन गुठळ्या दिसतात का हे पाहणे, ही कासदाह ओळखण्याची जुनी आणि आजही उपयोगी रीत आहे. सुप्त कासदाहासाठी १९५७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील शाल्म व नूरलँडर यांनी एक सोपी चाचणी मांडली. चार वाट्यांच्या पसरट थाळीत चारही सडांचे थोडे थोडे दूध घेऊन त्यात साबणासारखे क्षालक द्रव्य मिसळले की पेशींचे आवरण फुटते, आतील डीएनए बाहेर येतो आणि दूध शेंबडासारखे चिकट होते. जितक्या पेशी अधिक, तितके मिश्रण घट्ट. कॅलिफोर्निया मॅस्टायटिस चाचणी या नावाने ती जगभर पसरली. तिचेच तत्त्व पुढे काही स्वयंचलित यंत्रांनीही उचलले.

१९७० च्या दशकापासून प्रयोगशाळांत पेशी मोजण्याची यंत्रे आली. पेशींतील डीएनएला चकाकणारा रंग चढवून प्रत्येक पेशीचा प्रकाश टिपणे, हे त्यांचे तत्त्व. यामुळे हजारो गाईंच्या दुधाची मासिक तपासणी शक्य झाली. महिन्यातून एक नमुना दीर्घकालीन सुप्त संसर्गासाठी पुरतो. मात्र *कोलाय*चा संसर्ग काही तासांत भडकतो, आणि त्यापुढे मासिक नोंदीचा काही उपयोग होत नाही.

१९९२ मध्ये नेदरलँड्समधील शेतांवर धार काढणारे पहिले व्यावसायिक रोबो बसले आणि प्रश्नाचे स्वरूप बदलले. गाय दिवसरात्र स्वतःच्या इच्छेने यंत्राकडे येऊ लागली; पहिली धार पाहणारा माणूस त्या जागी उरला नाही. युरोपीय संघाच्या २००४ च्या अन्न-स्वच्छता नियमांनुसार (क्रमांक ८५३/२००४) प्रत्येक जनावराचे दूध धार काढणाऱ्याने किंवा तितकाच परिणाम साधणाऱ्या पद्धतीने तपासणे बंधनकारक आहे. ‘तितकाच परिणाम’ या शब्दांची जबाबदारी संवेदकांवर आली.

विद्युतवाहकता

दुधाची विद्युतवाहकता हे सर्वांत स्वस्त व सर्वाधिक वापरले जाणारे मोजमाप आहे. नळीत दोन विद्युत्‌अग्रे बसवून त्यांच्यामधील दुधातून किती वीज वाहते हे मोजतात. त्यासाठी कोणतेही रसायन लागत नाही आणि एका धारेत शेकडो नोंदी घेता येतात. निरोगी गाईच्या दुधाची वाहकता २५ अंश सेल्सिअसला साधारण ४ ते ५.५ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. कासदाहात ती वाढते.

अडचण अशी की दोन निरोगी गाईंच्या दुधाच्या वाहकतेतला फरक एका गाईच्या निरोगी व आजारी दुधातल्या फरकाएवढाही असू शकतो. तापमान एका अंशाने वाढले की वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. स्निग्धांश वीज वाहून नेत नाही, म्हणून शेवटच्या मलईदार धारांची वाहकता पहिल्या धारांपेक्षा कमी भरते. दोन धारांमधील अंतर, गाईचे वेत, व्याल्यानंतर लोटलेले दिवस, माज, चाऱ्यातील बदल यांनीही आकडा हलतो. त्यामुळे ‘अमुक आकड्याच्या वर म्हणजे आजार’ असा सरसकट नियम फार काळ टिकला नाही.

यातून मार्ग निघाला तो कप्प्यांच्या तुलनेतून. केंब्रिजजवळील बेब्रहम येथे काम करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ लिंझेल व पीकर यांनी १९७० च्या दशकात दाखवले की एकाच गाईच्या चार कप्प्यांची वाहकता परस्परांशी ताडली तर चारा, माज, वेत यांचा परिणाम आपोआप गळून पडतो, कारण तो चारही कप्प्यांवर सारखाच होतो. सर्वांत कमी वाहकतेचा कप्पा निरोगी मानून इतर कप्पे त्याच्या किती पट आहेत हे पाहायचे. प्रत्येक गाय अशा रीतीने स्वतःचीच कसोटी बनते. चारही कप्पे एकाच वेळी आजारी असतील तर मात्र ही युक्ती फसते. तेथे गाईचा पूर्वेतिहास कामी येतो.

ही तुलना करण्यासाठी प्रत्येक सडाचे दूध वेगळे मोजता आले पाहिजे. जुन्या दूध काढणी यंत्रांत चारही सडांचे दूध एका वाटीत एकत्र होऊनच पुढे जाते. रोबोंमध्ये प्रत्येक सडाला स्वतंत्र पेला व स्वतंत्र नळी असते, म्हणून तेथे वाहकतेचा उपयोग अधिक चांगला होतो. एकत्रित दुधात एका आजारी कप्प्याचा खारटपणा तीन निरोगी कप्प्यांच्या दुधात बुडून जातो.

कायिक पेशींची गणना

निरोगी कप्प्याच्या एका मिलिलिटर दुधात सामान्यतः एक लाखाहून कमी पेशी असतात. गाईच्या चारही कप्प्यांच्या एकत्रित दुधात दोन लाखांहून अधिक पेशी आढळल्या तर किमान एका कप्प्यात संसर्ग असल्याचा संशय घेतात. संपूर्ण शेताच्या टाकीतील दुधासाठी युरोपीय संघाची मर्यादा मिलिलिटरला चार लाख (तीन महिन्यांच्या नमुन्यांचा भूमितीय मध्य), तर अमेरिकेत ‘ए’ दर्जाच्या दुधासाठी साडेसात लाख आहे. अनेक दूध संस्था कमी पेशींच्या दुधाला जादा दर देतात, कारण पेशी वाढलेल्या दुधाचे चीज कमी उतरते आणि असे दूध लवकर बिघडते.

या आकड्यांतील सरासरी फसवी असू शकते. एका कप्प्यात पाच लाख आणि उरलेल्या तिन्हींत पन्नास-पन्नास हजार पेशी असतील व चारही कप्प्यांतून सारखेच दूध येत असेल, तर एकत्रित आकडा १,६२,५०० येतो. संशयाची मर्यादा न ओलांडता गाय निरोगी ठरते. टाकीच्या पातळीवर हा प्रकार उलटा दिसतो. शंभर गाईंपैकी ९५ जणींच्या दुधात एक लाख आणि पाच जणींच्या दुधात वीस लाख पेशी असतील तर टाकीचा आकडा दोन लाखांच्या आतच राहतो, पण त्यातील निम्म्याहून अधिक पेशी त्या पाच गाईंच्या असतात. टाकीचा आकडा चांगला आहे म्हणून कळप निरोगी आहे, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही.

पेशींची संख्या दुप्पट-चौपट अशा पटींत बदलते, म्हणून ती अनेकदा घातांकी मापनश्रेणीवर मांडतात. रूढ श्रेणीत मिलिलिटरला एक लाख पेशींना ३ गुण असतात आणि संख्या दुप्पट झाली की एक गुण वाढतो. म्हणजे दोन लाखांना ४, चार लाखांना ५.

धार काढताना गोठ्यातच पेशी मोजण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात प्रयोगशाळेतील तत्त्व छोट्या यंत्रात उतरवले जाते: यंत्र दुधाचा नमुना घेते, त्यात रंगद्रव्य मिसळते आणि चकाकणाऱ्या पेशी मोजते. स्वीडनच्या डीलाव्हल कंपनीचा गणक असा आहे. दुसरा मार्ग कॅलिफोर्निया चाचणीचा. दुधात क्षालक मिसळून मिश्रण किती घट्ट झाले किंवा ते नळीतून गळायला किती वेळ लागला यावरून पेशींचा अंदाज बांधतात. नेदरलँड्सच्या लेली कंपनीचे यंत्र या प्रकारचे आहे. पहिला मार्ग अधिक नेमका आहे. दोन्हींना रसायन लागते, त्यामुळे दर नमुन्याला खर्च येतो. नळीत आधीच्या गाईचे थोडे दूध उरले तर पुढच्या गाईचा आकडा बिघडतो. आधीच्या गाईच्या दुधात वीस लाख पेशी असतील तर अगदी एक-दोन टक्के शिल्लक दूधही निरोगी गाईच्या नमुन्यात दिसून येते.

पेशींची संख्या हा शरीराच्या प्रतिसादाचा पुरावा आहे. जंतू कोणता हे तो सांगत नाही. *कोलाय*च्या संसर्गात आकडा प्रचंड चढून काही दिवसांत उतरू शकतो, तर *स्टॅफिलोकॉकस ऑरियस*च्या दीर्घ संसर्गात तो चढउतार करत राहतो, कारण जंतू दुधात कधी जास्त तर कधी कमी येतात. चिकाच्या काळात आणि गाय आटत आली असताना निरोगी कासेतही पेशी अधिक असतात. अलीकडे प्रयोगशाळांत एकूण संख्येबरोबर न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट यांचा एकत्रित वाटाही मोजला जातो. संसर्ग ताजा आहे की जुना, याचा त्यावरून काहीसा अंदाज येतो.

विकर व इतर खुणा

लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे विकर पेशींच्या आत असते. दाहात पेशी फुटल्या की ते दुधात उतरते. डेन्मार्कमध्ये विकसित झालेल्या हर्ड नॅव्हिगेटर या यंत्रणेत कोरड्या चाचणीपट्टीवर दुधाचा थेंब टाकून या विकराचे प्रमाण मोजतात. हीच यंत्रणा प्रोजेस्टेरॉनवरून माज व गाभणपण आणि बीटा हायड्रॉक्सिब्युटिरेटवरून किटोसिस ओळखते. प्रत्येक धारेला प्रत्येक चाचणी करणे परवडणारे नसते. म्हणून गाईला त्या वेळी धोका किती आहे याचा हिशेब संगणक करतो आणि पुढचा नमुना केव्हा घ्यायचा ते ठरवतो. नुकत्याच व्यालेल्या गाईचे नमुने वारंवार घेतले जातात, स्थिर गाईचे विरळ.

दुधाचा रंग मोजणारे संवेदक लाल, हिरवा व निळा प्रकाश कितपत परततो हे पाहतात. रक्तमिश्रित दूध व चीक ते चांगले ओळखतात. गुठळ्या ओळखण्यात ते तितके भरवशाचे नसतात. दुधाचे तापमान सर्वांगाला ताप आला की वाढते, म्हणून ते फक्त तीव्र आजारात उपयोगी पडते. सर्वांत साधी नोंद मात्र अनेकदा दुर्लक्षित राहते, ती म्हणजे त्या कप्प्यातून अपेक्षेपेक्षा किती दूध कमी आले. पान्हा नीट न सुटल्याने किंवा पेला निसटल्यानेही दूध कमी येते, म्हणून ही खूण एकटी पुरेशी नाही. वाहकता वाढली आणि त्याच कप्प्याचे दूध घटले, असे दोन्ही एकदम घडले तर संशय बळावतो.

नोंदीवरून इशारा

संवेदकाचा आकडा हा कच्चा माल असतो. त्यावरून इशारा बनवण्याचे काम आज्ञावली करते. सुरुवातीच्या यंत्रणा मागील काही धारांची सरासरी काढून आजचा आकडा तिच्यापासून किती दूर आहे एवढेच पाहत. १९९० च्या दशकात वाखेनिंगन व इतर ठिकाणच्या संशोधकांनी कालमान गाळण्या, कृत्रिम चेताजाल व धूसर तर्क या पद्धती आजमावल्या. आजच्या आज्ञावल्या अनेक संवेदकांच्या नोंदींना गाईचे वेत, व्याल्याचे दिवस आणि पूर्वीचा कासदाह यांची जोड देतात. पूर्वी कासदाह झालेल्या गाईला तो पुन्हा होण्याची शक्यता अधिक असते; ही माहिती जमेस धरली की इशाऱ्यांचा दर्जा सुधारतो, आणि त्यासाठी नवा संवेदक विकत घ्यावा लागत नाही. मात्र गोठ्यात झालेले उपचार कोणीतरी नोंदवले पाहिजेत.

खोट्या इशाऱ्यांचे गणित

अशा यंत्रणेची गुणवत्ता दोन आकड्यांनी सांगतात. खऱ्या आजारी गाईंपैकी किती पकडल्या हे संवेदनशीलतेवरून कळते, तर निरोगी गाईंपैकी किती जणींना योग्य रीतीने निरोगी ठरवले हे विशिष्टतेवरून. प्रकट कासदाहासाठी संशोधन-साहित्यात ८० टक्के संवेदनशीलता व ९९ टक्के विशिष्टता हे लक्ष्य वारंवार आढळते. ऐकायला हे आकडे भक्कम वाटतात. गोठ्यात त्यांचा अर्थ काय होतो हे हिशेब केल्यावरच उमगते.

समजा, कळपात शंभर गाई आहेत आणि प्रत्येकीची दिवसाला सरासरी अडीच वेळा धार निघते. रोज २५० धारा झाल्या. प्रकट कासदाहाची वर्षाला ४० प्रकरणे होतात असे धरले तर सरासरी नऊ दिवसांनी एक खरे प्रकरण येते. ९९ टक्के विशिष्टतेची यंत्रणा रोज सुमारे अडीच, म्हणजे वर्षाला नऊशेच्या वर खोटे इशारे देईल; ८० टक्के संवेदनशीलतेने खरी प्रकरणे ३२ सापडतील. सुमारे तीस इशाऱ्यांमागे एक खरा. विशिष्टता ९९.५ टक्क्यांवर नेली तर हे प्रमाण पंधरात एक होते. ती ९५ टक्के असेल तर रोज बारा-तेरा गाई विनाकारण तपासाव्या लागतील.

याचा दोष संवेदकाला देता येत नाही. जी घटना विरळ घडते ती शोधताना चांगली चाचणीही अधिक वेळा खोटा इशारा देते, कारण निरोगी धारांची संख्याच प्रचंड असते. परिणाम मात्र माणसाच्या वागण्यावर होतो. वीस वेळा गाईपाशी जाऊन काही न आढळलेला शेतकरी एकविसाव्या वेळी जात नाही. रोबोंच्या गोठ्यांत इशाऱ्यांच्या यादीतील बहुतेक गाई प्रत्यक्ष तपासल्याच जात नाहीत, असे पाहण्यांत दिसून आले आहे. संवेदनशीलता कागदावर कितीही असली तरी न वाचलेल्या यादीतील गाय ही न सापडलेलीच गाय.

‘खोटा’ हा शब्दही सावधपणे घ्यावा लागतो. वाहकता वाढलेल्या पण गुठळ्या नसलेल्या गाईला सुप्त संसर्ग असू शकतो. प्रकट कासदाहाच्या हिशेबात तो इशारा खोटा ठरतो. कासेच्या आरोग्याच्या दृष्टीने तो खरा असतो. शिवाय खोटे इशारे सर्व गाईंत विखुरलेले नसतात. जुनाट संसर्गाच्या त्याच त्या गाई यादीत रोज दिसतात.

यंत्रणांची आपसांत तुलना करणेही अवघड आहे. एक अभ्यास जंतुपरीक्षणाला प्रमाण मानतो, दुसरा डोळ्यांना दिसणाऱ्या गुठळ्यांना, तिसरा पेशींच्या संख्येला. इशारा प्रकरणाच्या किती आधी किंवा नंतर आला तर बरोबर मानायचा, हाही कळीचा मुद्दा आहे. एका दिवसाची मुदत दिली तर यंत्रणा कमजोर दिसते. तीच यंत्रणा आठवड्याच्या मुदतीत उत्तम दिसते. *कोलाय*च्या तीव्र कासदाहात आठवडाभराने दिलेला इशारा निरुपयोगी असतो. जाहिरातीतील टक्केवारी वाचताना ही मुदत पाहणे आवश्यक ठरते.

इशाऱ्यानंतरची कार्यवाही

उपयुक्त कार्यपद्धती प्रश्नाच्या निकडीनुसार बदलते. तीव्र आजाराची शक्यता असेल तर गाय लगेच पाहून पहिल्या धारा तपासाव्या लागतात. येथे मोजके पण खात्रीचे इशारे हवेत. रोबो असे दूध आपोआप वेगळ्या भांड्याकडे वळवू शकतो, पण खोट्या इशाऱ्यावर वळवलेले दूध हे थेट नुकसान असते. सुप्त संसर्गाच्या बाबतीत घाई नसते. दोनतीन आठवड्यांच्या नोंदींचा कल पाहून कोणत्या गाईंचे नमुने जंतुपरीक्षणासाठी पाठवायचे, कोणती गाय शेवटी यंत्रावर घ्यायची, कोणती कळपातून काढायची हे ठरवता येते. स्वयंचलित पेशीगणनेचा खरा लाभ अनेक शेतांवर याच संथ कामात होतो.

प्रतिजैविकांच्या वापराशीही या नोंदींचा निकट संबंध आहे. गाय आटवताना चारही सडांत प्रतिजैविक भरण्याची रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांत सरसकट पाळली जाई. नेदरलँड्सने गेल्या दशकात तिच्यावर बंधने आणली आणि २८ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या पशुऔषध नियमाने (२०१९/६) प्रतिजैविकांच्या नित्याच्या प्रतिबंधक वापराला मनाई केली. आता कोणत्या गाईला औषध द्यायचे आणि कोणतीला नुसते सड बंद करणारे मलम पुरेल, हा निर्णय गाईगणिक घ्यावा लागतो. भाकडकाळापूर्वीच्या पेशीसंख्येचा इतिहास हा त्याचा मुख्य आधार आहे. आकडा चुकला तर दोन्हीकडून तोटा होतो: संसर्ग असलेली गाय उपचाराविना आटते, किंवा निरोगी गाईला विनाकारण औषध मिळते आणि प्रतिरोधी जंतूंना वाव मिळतो.

संवेदकांची निगा हा दुर्लक्षित पण निर्णायक भाग आहे. विद्युत्‌अग्रांवर दुधातील क्षार व स्निग्धांश यांचा थर बसला की वाहकतेचा आकडा हळूहळू सरकतो. रसायन संपले तर पेशीगणना थांबते. गाईच्या गळ्यातील किंवा कानातील ओळखपट्टी चुकीची वाचली गेली तर एका गाईची नोंद दुसरीच्या नावावर जाते, आणि स्वतःशीच तुलना करणारी पद्धत मुळातच कोलमडते.

भारतातील स्थिती

भारतातील बहुसंख्य दुभती जनावरे लहान गोठ्यांत असून त्यांची धार हाताने काढली जाते. म्हणून प्रत्येक धारेची नोंद घेणारी यंत्रणा थोड्या मोठ्या गोठ्यांपुरतीच मर्यादित आहे. महाराष्ट्रात दूध संकलन केंद्रांवर दर ठरतो तो मुख्यतः स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थ यांवर. तेथे तपासले जाणारे दूध एका कुटुंबाच्या सर्व जनावरांचे मिळून असते. त्यामुळे एखाद्या गाईच्या एका कप्प्यातील सुप्त संसर्ग त्या आकड्यांत दिसत नाही. केंद्रावरील काही विश्लेषक यंत्रे वाहकताही दाखवतात. पण दुधात मीठ किंवा सोडा मिसळला तरी ती वाढते, म्हणून एकत्रित दुधाच्या वाढलेल्या वाहकतेवरून कासदाहाचा निष्कर्ष काढता येत नाही.

लहान गोठ्यासाठी विजेरीवर चालणारे, हातात धरण्याचे वाहकतामापक उपलब्ध आहेत. चारही सडांच्या पहिल्या धारा त्यात एकामागून एक घेऊन आकड्यांची तुलना करायची असते. लिंझेल व पीकर यांच्या युक्तीचेच हे हातचे रूप. कॅलिफोर्निया चाचणी त्याहून स्वस्त पडते आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांत परिचित आहे. होल्स्टीन गाईंच्या नोंदींवर बेतलेल्या मर्यादा गीर, देवणी किंवा डांगी गाईंना व पंढरपुरी म्हशीला जशाच्या तशा लावता येत नाहीत. म्हशीच्या दुधात स्निग्धांश बराच अधिक असल्याने तिच्या निरोगी दुधाची वाहकताच वेगळी भरते. अशा जनावरांत चार सडांची आपसांतील तुलना किंवा त्याच जनावराच्या आधीच्या नोंदी अधिक विश्वासार्ह ठरतात.